चाव्या हाती आल्यानंतर: मुंबईतल्या एका वस्ती शौचालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात टेकडीच्या उतारावर आहे. साधारण २४० घरे, चिंचोळ्या गल्ल्या, खाली नाला आणि नाल्याला लागून रहदारीचा रस्ता. वस्तीचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि वस्तीचे आकडे ठोकळ आहेत. वस्तीबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत मी तेव्हा होते, त्यामुळे बरेचसे जवळून पाहायला मिळाले.

जमीन महापालिकेची होती. हे मुद्दाम सांगते, कारण रेल्वे, विमानतळ, बंदर अशा केंद्र सरकारच्या जमिनींवर मुंबईत हजारो कुटुंबे राहतात आणि तिथे शौचालय बांधायचे तर आधी त्या खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. वर्षानुवर्षे ते मिळत नाही. या वस्तीला ती अडचण नव्हती.

नाल्याकाठी आधी दहा सीटचे जुने शौचालय होते. दारे मोडलेली, नळ नाही, दिवा नाही. प्रत्येकाने घरून डबा भरून न्यायचा. लहान मुले नाल्याच्या कडेलाच बसत. बायका पहाटे चारला दोघी-तिघी मिळून जात आणि दिवसा जाण्याची वेळ येऊ नये म्हणून पाणीच कमी पीत. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी वस्तीतल्या दवाखान्यात नेहमीच्या होत्या.

मुंबई महापालिकेने १९९०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मलनिस्सारण प्रकल्प हाती घेतला आणि त्याचाच एक भाग म्हणून वस्ती स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. तोवर संडास बांधायचे सरकारने, वापरायचे लोकांनी आणि साफ करायचे कोणी, हे कधीच ठरत नसे. दोन-तीन वर्षांत इमारत निकामी व्हायची. नव्या कार्यक्रमाने क्रम उलटा केला. आधी वस्तीने स्वतःची संस्था नोंदवायची. प्रौढ माणशी १०० रुपये, एका कुटुंबामागे जास्तीत जास्त ५०० रुपये वर्गणी जमवायची आणि ती पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बँकेत ठेवायची. मग ५० माणसांमागे एक सीट या हिशेबाने महापालिका इमारत बांधणार. मालकी महापालिकेची राहणार, पण करार करून इमारत संस्थेच्या ताब्यात देणार. पाण्याचे व विजेचे बिल, सफाई आणि किरकोळ दुरुस्ती संस्थेकडे. त्यासाठी कुटुंबांना महिन्याचा पास आणि बाहेरच्यांना रोख दर. २००५पर्यंत अशा तीनशेहून अधिक इमारती शहरात उभ्या राहिल्या. पुण्यातही रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, १९९९नंतरच्या दोन-तीन वर्षांत, स्वयंसेवी संस्था आणि महिला गटांना बरोबर घेऊन वस्त्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर शौचालये बांधली गेली होती.

आमच्या वस्तीला इमारत मिळाली ती कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यात. २४ सीट, मुलांसाठी वेगळी खालची जागा, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, पहिल्या मजल्यावर केअरटेकरची खोली आणि एक छोटा हॉल. वर्गणी गोळा करायला तरुणांचे मंडळ दारोदार फिरले होते. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. पहिली तीन-चार वर्षे खरोखर चांगली गेली आणि नाल्याकाठी बसणे जवळजवळ थांबले.

अडचण

सातव्या-आठव्या वर्षी चित्र असे होते. बायकांच्या बाजूचे निम्मे दिवे बंद. पाण्याची मोटार दोनदा जळलेली. रात्री दहाला शटर खाली येई, पुरुष रस्त्यावर कुठेही जात, बायकांनी सकाळपर्यंत थांबायचे. पावसाळ्यात सेप्टिक टँक भरून मैला गल्लीत यायचा. सुरुवातीला १९० कुटुंबे पास घेत, आता ती ७०वर आली होती. विजेचे बिल व्यावसायिक दराने लागत होते आणि थकले होते. जोडणी तोडण्याची नोटीस भिंतीवर चिकटली तेव्हा वस्ती जागी झाली.

लोकांचे उत्तर सरळ होते: ‘वस्तीच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पैसे खाल्ले.’ यात काही तथ्य होतेही, पण एवढ्यावर थांबले असते तर अध्यक्ष बदलून प्रश्न तसाच राहिला असता. खोलात गेल्यावर निदान चार गोष्टी एकमेकींत अडकलेल्या दिसल्या.

पहिली गोष्ट पास कमी होण्याची. खालच्या गल्लीतल्या पन्नासेक घरांनी घरातच संडास बांधून पाइप नाल्यात सोडला होता. त्यांना पासची गरज उरली नव्हती. दुसरी गोष्ट रोखीची. नाल्यालगतच्या रस्त्यावर रिक्षा थांबा आणि दुकाने वाढली होती, त्यामुळे बाहेरच्यांची रोख रक्कम वस्तीच्या पासपेक्षा जास्त झाली. पासची पावती असते, रोखीची नसते. जिथे पावती नाही तिथे उत्पन्न वाढले, आणि वस्तीच्या माणसापेक्षा रस्त्यावरचे गिऱ्हाईक संस्थेला सोयीचे वाटू लागले.

तिसरी गोष्ट केअरटेकरची. तो बायको-मुलांसह वरच्या खोलीत राहायचा. त्याला पगार म्हणून ठरलेली रक्कम चार महिने मिळाली नव्हती, म्हणून तो रोजच्या रोकडीतून स्वतःचा पगार काढून घ्यायचा आणि उरलेले अध्यक्षांना द्यायचा. लोक त्याला चोर म्हणत. त्याच्या जातीवरूनही बोलत. त्याच्या मुलांना गणपतीच्या प्रसादाला वर बोलावले जात नाही, हे मी पाहिले आहे आणि त्याचा राग मला आजही येतो. जो माणूस दोनशे घरांची घाण काढतो त्याला आपल्या रांगेत बसू न देणाऱ्या वस्तीत कोणतीही योजना नीट चालणार नाही.

चौथी गोष्ट कागदाची. संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली होती. कार्यकारिणी अकरा जणांची. त्यांतले चौघे वस्ती सोडून गेलेले, एक वारलेले. उरलेल्यांपैकी दोघी बायका होत्या, पण त्यांना आपण कार्यकारिणीवर आहोत हेच ठाऊक नव्हते. नोंदणीच्या वेळी त्यांच्या नुसत्या सह्या घेतल्या होत्या. बँकेत सही अध्यक्ष आणि वारलेले खजिनदार यांची. म्हणजे दुरुस्तीसाठी ठेवलेली वर्गणी कोणालाच काढता येत नव्हती.

समोर आलेले पर्याय

नोटिशीनंतर बचत गटाच्या बायकांनी हॉलमध्ये बैठक बोलावली. पहिल्या बैठकीत आवाज चढले, निष्पन्न काही झाले नाही. दुसऱ्या बैठकीत पर्याय मांडले गेले.

काहींना नगरसेवकाच्या निधीतून नवे शौचालय हवे होते. त्यासाठी वस्तीत एकच मोकळी जागा होती, मुलांचे खेळायचे मैदान. आणि नव्या इमारतीची देखभाल पुन्हा कोण करणार, या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. हा पर्याय लवकर मागे पडला.

दुसरा पर्याय बऱ्याच जणांना पटत होता: शहरात शौचालये चालवणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेला इमारत देऊन टाकायची. साफ राहील, कटकट जाईल. इथे एका शिकवणी घेणाऱ्या मुलीने फळ्यावर हिशेब मांडला. माणशी दोन रुपये, घरात पाच माणसे, दिवसातून एकदाच गेली तरी महिन्याला ३०० रुपये. पास तेव्हा ६० रुपयांचा होता. शिवाय बायकांना लघवीलाही पैसे द्यावे लागतात आणि पुरुषांना नाही, हा अनुभव स्टेशनवरचा सगळ्यांनाच होता. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ म्हणून महिलांनी चालवलेली मोहीम याच अन्यायाविरुद्ध उभी राहिली. फळ्यावरच्या त्या हिशेबानंतर हा पर्यायही बाजूला पडला.

तिसरा, अध्यक्षांविरुद्ध पोलिसांत आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायची. तरुण मुलांचा यावर भर होता. या टप्प्यावर निर्णय सर्वांत अवघड झाला. तक्रार न्याय्य होती. पण पुरावा काय? रोखीची नोंदच नव्हती. चौकशी सुरू झाली असती तर खाते आणि कागदपत्रे बराच काळ अडकली असती आणि वीज तुटायला पंधरवडाच उरला होता. बचत गटातल्या एका वयस्क मावशींनी तोडगा सुचवला: ‘पैसे खाल्ले असं कुणी बोलायचं नाही. आधी किती येतात ते मोजायचं. मग वही वाचायची. वही वाचल्यावर त्यांना जे बोलायचं ते तेच बोलतील.’

काय केले

मोजणी एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी झाली. पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत, दोन-दोन तासांच्या पाळीने. शाळेच्या दोनशे पानी वहीत रेघा मारून रकाने केले: बाई, पुरुष, लहान मूल, त्याखाली पास, रोख, फुकट. बायकांच्या बाजूला मुली बसल्या, पुरुषांच्या बाजूला मंडळाची मुले. केअरटेकरला आदल्या दिवशीच सांगून त्याच्या संमतीने हे केले. त्याला विश्वासात घेतल्यामुळेच पुढे तो मोकळेपणाने बोलला.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या. रोख देणारे लोक सगळ्यांच्या अंदाजाच्या दुपटीने जास्त होते. ही अपेक्षित होती. दुसरी कोणाच्याच ध्यानात नव्हती: सकाळी सहा ते आठमध्ये बायकांच्या बाजूला रांग लागत होती, त्याच वेळी पुरुषांच्या बाजूच्या तीन-चार सीट रिकाम्या. दोन्हीकडे सीट सारख्या होत्या, पण बायकांना वेळ जास्त लागतो, लहान मुलेही त्यांच्याबरोबर असतात. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ महिलांमागे एक सीट धरली आहे, ती याच कारणाने. आपल्या इमारतीचा नकाशा आधीचा आणि निकष नंतरचा. मधल्या भिंतीत दार पाडून दोन सीट बायकांकडे वळवता येतील, असे गवंडीकाम करणाऱ्या दोघांनी जागेवरच दाखवले.

महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या समाज विकास अधिकारी बाईंची इथे मोठी मदत झाली. संस्थेकडची कराराची प्रत हरवली होती. त्यांनी फाइल शोधून नक्कल मिळवून दिली आणि सर्वसाधारण सभेला निरीक्षक म्हणून येऊन बसल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण महापालिकेचा माणूस समोर आहे म्हटल्यावर सभा शिस्तीत झाली. अशा कार्यक्रमांत पैशाइतकीच किंमत या हजेरीची असते, असे माझे ठाम मत आहे.

सभेत वही मोठ्याने वाचली. अध्यक्ष बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले की मोटारीची दुरुस्ती, टँक उपसणे, केअरटेकरच्या मुलाचे आजारपण यांवर रोखीतून खर्च केला, काही स्वतःसाठीही वापरला, हिशेब ठेवला नाही. एक रक्कम हप्त्याने परत करायचे त्यांनी लिहून दिले. तरुणांना हे कमी वाटले. पोलिसांत जायचे नाही या निर्णयावर सभेत मतदान झाले आणि तो थोड्याच फरकाने मंजूर झाला.

नवी कार्यकारिणी गल्लीवार निवडली, प्रत्येक गल्लीतून एक बाई अनिवार्य. कार्यकारिणी बदलल्याचा अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावा लागतो. तो एका ओळखीच्या वकिलांनी करून दिला. बँकेत तीन सह्या, त्यांतल्या कोणत्याही दोन चालतील आणि एक बाईची हवीच, असा ठराव दिला. विजेची थकबाकी तीन हप्त्यांत भरायला परवानगी मिळाली आणि जोडणी वाचली.

दराबाबत चर्चा दोन संध्याकाळी चालली. शेवटी पास १०० रुपये ठरला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि कमावते माणूस नसलेल्या घरांना माफ. मुलांना मोफत. लघवीला कोणत्याही बाईकडून पैसे घ्यायचे नाहीत, मग ती वस्तीची असो की रस्त्यावरची भाजीवाली. बाहेरच्यांच्या रोखीसाठी क्रमांक असलेली पावती पुस्तके छापली. महिन्याचा जमाखर्च पास खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचा.

केअरटेकरला काढावे का, हाही प्रश्न होता. ठेवायचे ठरले. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला बँक खात्यात. त्याच्या बायकोलाही बायकांच्या बाजूचे काम वेगळ्या पगारावर दिले, त्यामुळे ती बाजू रात्रभर उघडी ठेवता आली. इतकी वर्षे ती हे काम नवऱ्याच्या पगारात फुकट करत होती.

टँकचा प्रसंग सविस्तर सांगायला हवा. पहिल्याच पावसात टँक तुंबला. कोणीतरी दोन माणसे आणली. आत उतरून काढतो म्हणाली, पैसेही थोडेच मागितले. अशा टाकीत विषारी वायू साठतो आणि उतरलेला माणूस मिनिटभरात मरू शकतो. माणसाला असे उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हाही आहे. खजिनदार झालेल्या ताईंनी त्या दोघांना चहा पाजून परत पाठवले आणि महापालिकेची मैला उपसणारी गाडी मागवली. गाडी वर येईना, गल्ली अरुंद. मग खालून रस्त्यावरून जादा पाइप जोडत नेले आणि दुसऱ्या दिवशी काम झाले. त्या एका दिवसात गल्लीतल्या घरांनी दारात मैला सहन केला, पण कोणी तक्रार केली नाही. टाकीतून निघाले ते मुख्यतः गुटख्याची पाकिटे आणि सॅनिटरी पॅड. त्यानंतर प्रत्येक सीटमागे झाकणाचा डबा ठेवला.

काय साधले, काय राहिले

वर्षभरात पास घेणारी कुटुंबे १५०च्या घरात गेली. बायकांची बाजू रात्रभर उघडी राहते. दोन सीट वळवल्यामुळे सकाळची रांग कमी झाली. घरात संडास बांधलेल्या काही घरांनीही नाममात्र पास घेतला, पाहुणे आले की लागतो म्हणून. माजी अध्यक्षांनी रक्कम बरीचशी फेडली आणि ते आता फळ्यावरचा हिशेब सर्वांत आधी तपासतात.

हॉलचा वाद मात्र मिटला नाही. तो साखरपुड्या-बारशांना भाड्याने दिला तर दुरुस्ती निधी भरतो. दहावी-बारावीची मुले म्हणतात, आम्हाला अभ्यासिका हवी, घरात बसायला जागा नाही. सध्या सोमवार ते शुक्रवार मुलांना आणि शनिवार-रविवार भाड्याला अशी वाटणी आहे. लग्नसराईत ती मोडते. व्यावसायिक वीजदराबाबतचा अर्जही पुढे सरकलेला नाही. आता वस्तीच्या झोपडपट्टी पुनर्वसनाची चर्चा सुरू झाली आहे. ‘दोन वर्षांत पाडणारच आहेत तर दरवाजे कशाला बदलायचे’ असे सभेत ऐकू येते. मुंबईत अशी दोन वर्षे वीस वर्षे चालतात आणि तोवर बायकांनी कुठे जायचे, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारत राहिले.

वेगळे काय करता आले असते

मोजणीची वही सातव्या वर्षी काढली. ती पहिल्या वर्षापासून, निदान सहा महिन्यांतून एकदा व्हायला हवी होती. तिला खर्च येत नाही आणि शाळकरी मुले ती करू शकतात. त्यासाठी नोटीस यायची वाट पाहायला नको होती.

करारात वर्गणीचा, सीटचा, बिलांचा तपशील बारकाईने होता. कार्यकारिणीची मुदत, वार्षिक सभा आणि हिशेबाचा फलक यांचा उल्लेख ढोबळ. महापालिकेने ताबा देताना हे तीन मुद्दे अटी म्हणून घातले आणि समाज विकास अधिकाऱ्याने वर्षातून एकदा सभेला हजर राहावे असा नियम केला, तर बरीचशी घसरण लवकर लक्षात येईल. कार्यक्रमाने बांधकामाआधी लोकांना संघटित करायला संस्था नेमल्या, त्यांना मोबदलाही दिला. इमारत पूर्ण झाली की त्यांचे काम संपले. लोकांना खरी मदत लागते ती त्यानंतर, मोटार जळते तेव्हा, खजिनदार वारतो तेव्हा.

मध्यमवर्गीय भागांत महापालिकेने १९९७मध्ये घाटकोपरच्या जोशी लेनपासून परिसर व्यवस्थापनाच्या समित्या सुरू केल्या. कचरा, झाडे, पदपथ यांसाठी तिथले रहिवासी वॉर्ड ऑफिसशी नियमित बोलतात, बैठकांना अधिकारी येतात. वस्तीच्या संस्थेला ही खुर्ची कधीच मिळाली नाही. तिच्याशी पत्रव्यवहार होतो तो बिल थकल्यावर. वॉर्डातल्या सगळ्या शौचालय संस्थांची तिमाही बैठक विभाग कार्यालयात भरली तर वीजदराचा प्रश्न एकट्या संस्थेला भांडावा लागणार नाही.

पोलिसांत न जाण्याचा निर्णय योग्य होता का, यावर वस्तीत आजही दोन मते आहेत. माझ्या मते त्या वेळी तो बरोबर होता, कारण वीज आणि बँकखाते वाचणे पहिले होते. परतफेडीचा करार मात्र साध्या कागदावर न करता वकिलासमोर, मुदत आणि जामीनदार घालून करायला हवा होता. शेवटचे तीन हप्ते त्यामुळेच अजून बाकी आहेत.

केअरटेकरच्या पत्नीचा पगार पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हवा होता. तो आता सुरू आहे, पण नवऱ्याच्या पगारापेक्षा कमी, काम सारखेच असूनही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय बायकांनी लिहून दिला आहे.